नवमीची सवाष्ण

नवमी उद्यावर आली होती आणि सवाष्ण मिळत नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. नवऱ्याच्या आधी बायको गेली, तर पितृपक्षातल्या नवमीला तिचं श्राद्ध करतात. अविधवा नवमी म्हणतात तिला. त्या दिवशी एक सवाष्ण, म्हणजे जिचा नवरा हयात आहे अशी बाई, घरी जेवायला बोलवायची. तिच्या रूपाने गेलेली जेवते. ती जेवली नाही तर बाकीचं सगळं केलं काय नि न केलं काय! आमच्या गंगेकाठच्या रामघाटावर मराठी घरांत असंच मानतात, आणि ह्या एका बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये. माझी हिमानी त्या दिवशी माझ्या दारातून उपाशी जाणार म्हणजे काय? मला चालणार नाही.

मी यज्ञेश्वर. रामघाटाच्या गल्लीत माझं दुकान होतं, पंगतीची भांडी भाड्याने द्यायचं. तपेली, पराती, झारे, हंडे. आमच्या गल्ल्यांतून मोटार येत नाही, तेव्हा भांडी डोक्यावरून जायची. मुंज असो, बारसं असो, वर्षश्राद्ध असो, कुणाकडे किती पानं उठणार हे मला त्या घरच्यांच्या आधी कळायचं. दुकानाच्या फळीवर सकाळपासून कोणी ना कोणी बसलेलं. चहा माझा, बातम्या त्यांच्या. आणि आमच्याकडे भांडीवाल्याला जेवणाचं वेगळं आवतण द्यायचं नसतं. तो भांडी परत घ्यायला येतो आणि शेवटच्या पंगतीला पाटावर बसतो. निम्मा महिना मी बाहेरच जेवायचो. हिमानी चिडायची. म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंस की ह्या गावाशी?"

हिमानी पोलिसात होती, सिपाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ड्यूटीवरून ताप घेऊन घरी आली आणि आठवड्याच्या आत गेली. मूलबाळ नव्हतं. तिच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती, आणि घरात एक मी, एक म्हातारे वडील. वडील म्हणाले, "सरकारी नोकरी सोडतं का कुणी?" मी दुकान बंद केलं, भांडी गणपतीच्या मंडळाला देऊन टाकली, आणि चाळिशीच्या तोंडावर मिसरूड फुटलेल्या पोरांबरोबर मैदानात धावलो. जीव मेटाकुटीला आला, पण धावलो. हिमानी अशी धावायची तेव्हा मी घरात घोरत पडलेला असायचो, एवढं आठवलं की पाय आपोआप उचलले जायचे.

आपल्याच जिल्ह्यात नेमणूक सहसा देत नाहीत. मलाही आधी बाहेर टाकलं होतं. वडिलांनी अंथरूण धरलं म्हणून साहेबलोकांच्या हातापाया पडलो, तेव्हा इकडे आलो. मी आलो आणि वडील गेले. आता घरात मी एकटा, आणि बाहेर माझं सगळं गाव.

गाव कसलं! दुकानात होतो तोवर मी सगळ्यांचा यज्ञू होतो. सुमेधाकाकूंनी मला उघडानागडा अंगणात पळताना पाहिलंय. त्या आता म्हणतात, "या यज्ञेश्वरराव." राव! डोकंच फिरतं माझं. चार माणसं ओट्यावर गप्पा मारत असली आणि मी वळणावरून आलो की बोलणं बंद. कुणी घड्याळ बघतं, कुणाला गॅसवरचं दूध आठवतं. गणपतीत रात्री भोंगा बंद करायला आमच्या ठाण्याच्या दरोगाजींनी, म्हणजे फौजदारसाहेबांनी, मलाच पाठवलं. म्हणाले, मोहल्ला तुमचा, तुम्हीच सांगा. मी सांगितलं. मंडळाने भोंगा बंद केला आणि माझ्याशी बोलणंही. तिसऱ्या दिवशी महाप्रसाद झाला, माझ्याच तपेल्यांत शिजला, आणि मी कोपऱ्यावर उभा राहून गर्दी आवरत होतो. एकानेही म्हटलं नाही की यज्ञू, पान वाढलंय, ये. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. घरी जाऊन ब्रेड खाल्ला.

एक वेणूच काय तो उरला होता. वेणीमाधव, आमच्या भागातला आचारी. पूर्वी त्याचा स्वयंपाक आणि माझी भांडी, अशी आमची जोडी ठरलेली असायची. वर्दी आली तरी तो बदलला नाही. दिवसभर माझी हिंदी नाहीतर भोजपुरी चालायची, आणि संध्याकाळी ड्यूटी सुटली की वेणूबरोबर घाटाच्या पायऱ्यांवर तासभर मराठी. तो आज कुठे काय बिघडलं ते सांगायचा, कढी फुटली, भात लागला, यजमानाने कसा काळा गूळ आणून दिला. मी हसायचो. दिवसातून तेवढंच हसायचो, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या कुणाच्या दारात गेलो तर पाणी मिळायचं, वेणूच्या ओट्यावर चहा मिळायचा.

हिमानी गेल्यापासून दर नवमीला वेणूची बायको गीतावहिनीच माझ्याकडे सवाष्ण म्हणून यायच्या. सांगावंही लागायचं नाही. वेणू पहाटे येऊन स्वयंपाक करायचा, त्या दुपारी येऊन जेवायच्या. ह्या वर्षी मात्र वेणू पायऱ्यांवर बसल्या बसल्या म्हणाला, "अरे, गीताला ताप आहे. तू दुसरी कुणी बघ."

"मग मी येतो भेटायला."

"नको रे, झोपूनच असते ती. स्वयंपाकाला मी येतो, काळजी करू नकोस."

दुसरी कोण बघणार? आधी सुमेधाकाकूंकडे गेलो. त्यांनी गुडघे दाखवले. "जिना चढवत नाही हो, यज्ञेश्वरराव." गणपतीत ह्याच गुडघ्यांनी त्या दुर्गाघाटापर्यंत हळदीकुंकवाला गेल्या होत्या, मी स्वतः पाहिलंय, पण पोलिसाने साक्ष काढली की म्हणतील दमदाटी करतो. नमस्कार करून निघालो. मग रुचीला विचारलं. गल्लीतल्याच एका घरातली सून, बँकेत जाते. ती आधी म्हणाली रजा नाही, आणि मग बिचारीने खरं तेच सांगून टाकलं. "काका, सॉरी हं. सासूबाई म्हणतात, पुलिसवाले के घर अकेले नहीं जाना है."

"अगं, तुझ्या लग्नाची भांडी माझी होती!"

"होती ना काका. तेव्हा तुम्ही दुकानात होता."

मी तिथून निघालो.

शेवटी मी म्हटलं, ताप तर ताप. गीतावहिनींना उठवत असेल तर चार घास खाऊन जातील, नसेल तर नाही. आपण रीतीने आवतण देऊन यावं. कागदाच्या पुडीत कुंकू आणि अक्षता बांधल्या आणि चौकीवरून तसाच, वर्दीतच, त्यांच्या गल्लीत शिरलो. घरी जाऊन धोतर नेसून यायला हवं होतं, पण वेळ कुणाला होता? हातात पुडी आणि अंगावर खाकी बघून समोरच्या घराने खिडकी लावून घेतली. वेणू दारातच आडवा आला. "अरे, वर्दीत कशाला आलास? लोकांना वाटेल समन्स आणलंय!" असं म्हणून तो जोरात हसला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला ओट्यावर बसवून चहा पाजला. पुडी त्याने आपल्याकडे घेतली. आत कुणीतरी खोकलं आणि थांबलं. वेणू म्हणाला, "बघ, ताप." मी चहा संपवून परत ड्यूटीवर गेलो.

नवमीला वेणू उजाडायच्या आत आला. वडे तळले, खीर केली, कढी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. त्याच्या हाताला काय चव आहे म्हणता! सगळं झाकून ठेवून तो दुर्गाघाटावरच्या दुसऱ्या कामाला निघाला. जाताना विचारलं, "मिळाली का कुणी?"

"बघतो," मी म्हटलं.

शिवरामगुरुजी आले, त्यांनी श्राद्ध सांगितलं, मी केलं. मग ते इकडे तिकडे बघायला लागले.

"सवाष्ण?"

"येईल."

"कोण येणार आहे?"

"येईल हो!"

गुरुजींना आणखी दोन घरं करायची होती. ते म्हणाले, "नसेल कुणी तर गाईला पान घाला. शास्त्रात सोय आहे."

"गाय ती गाय आणि हिमानी ती हिमानी," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. गुरुजींनी पंचा सावरला, दक्षिणा घेतली आणि ते जिना उतरून गेले. तेही पूर्वी माझ्या फळीवर तास तास बसायचे.

मी पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी घातली होती, वाकडीतिकडी, मला कुठे येते. समोर पान वाढून ठेवलं होतं आणि बाजूला सुपात ओटीचं सामान. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. त्या रिकाम्या पाटासमोर बसलो आणि मला रडू आलं. लाज कसली सांगायला? इतक्या मोठ्या गावात, जिथे मी दारादारांत तपेली पोचवली, तिथे माझ्या बायकोच्या नावाने एक बाई चार घास खायला येत नव्हती. मी हिमानीला म्हटलं, माफ कर गं, तुझीच वर्दी घातली आणि तुलाच उपाशी ठेवलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गीतावहिनी दारात उभ्या होत्या, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला.

"उशीर झाला, भाऊजी. पान वाढलंय ना?"

माझा जीव भांड्यात पडला. "वाढलंय, वाढलंय! बसा. ताप उतरला का? मला वाटलं तुम्ही काही येत नाही."

त्या आत आल्या. पाटावर बसल्या, पानाला नमस्कार केला आणि जेवायला लागल्या. डावा हात पदराखाली होता. मी कढी वाढली, वडा वाढला. मला इतकं बरं वाटत होतं की मी बडबडतच होतो, सुमेधाकाकूंचे गुडघे, रुचीची सासू, सगळं सांगून टाकलं. त्या सावकाश जेवत होत्या. खिरीची वाटी संपवल्यावर म्हणाल्या, "ह्यांच्या हातची खीर चांगलीच होते."

"वेणूची खीर म्हणजे काय!" मी म्हटलं.

जेवण झाल्यावर मी सूप पुढे सरकवलं. मी पुरुषमाणूस, ओटी कशी भरणार? म्हणून आमचं ठरलेलं होतं, सूप मी द्यायचं, कुंकू त्यांनी आपल्या हाताने लावायचं, बांगड्याही आपणच भरायच्या. त्यांनी कुंकू लावलं. बांगड्या उचलल्या, आणि मग त्यांना तो डावा हात बाहेर काढावा लागला. मनगट निळंकाळं झालेलं, बोटांपर्यंत सुजलेलं. बांगडी बोटांच्या पुढे जाईना. त्यांनी पुन्हा एकदा ढकलून बघितली. त्या खटपटीत डोक्यावरचा पदर सरकला आणि गालही दिसला.

"पडलात की काय, वहिनी?"

त्यांनी बांगडी सुपात ठेवली. "भाऊजी, तुम्ही पोलिसात आहात, आणि पडलात म्हणून विचारता?"

मला कळलं.

"गाल आधीचा आहे. तो दिसू नये म्हणून ताप आला," त्या म्हणाल्या. "हात काल रात्रीचा. मी म्हटलं, काही झालं तरी हिमानीच्या नवमीला मी जाणार. म्हणून हात."

"वेणूने?"

"मग आणखी कुणी? आज होतंय का हे! हिमानीला सगळं ठाऊक होतं. ती ड्यूटीवर जाता येता आमच्या दारात उभी राहायची. आत यायची नाही, चहा घ्यायची नाही. नुसतं विचारायची, 'गीता, बरी आहेस ना?' ह्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मग महिना महिना घर शांत असायचं. तुम्हाला सांगू नकोस म्हणून मीच तिला शपथ घातली होती. तुमचे जिवाभावाचे मित्र ना ते."

मी ताडकन उठलो. "मी बोलतो त्याच्याशी. आत्ता जातो दुर्गाघाटावर. असा खडसावतो की पुन्हा हात उचलायची—"

"काय बोलाल?" त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलल्या. "काल तुम्ही वर्दीत आमच्या ओट्यावर बसून चहा प्यालात. हसलात. तुम्ही गेल्यावर ते आत आले आणि म्हणाले, बघितलंस? पोलीस माझ्या दारात चहा पितो. जा आता, कुठे तक्रार करायची ती कर. सगळी गल्ली हेच समजते, भाऊजी. त्यांना अडवायला यायचा एक शेजारी, तोही आता येत नाही. पोलिसाच्या दोस्ताशी कोण वैर घेणार?"

खाली गल्लीत कुणीतरी भाजी भाजी ओरडत गेला. त्या उठल्या, उजव्या हाताने ओटीचे तांदूळ आणि नारळ पदरात घेतले, मोरीवर जाऊन चूळ भरून आल्या.

"हिमानीसाठी जेवायला आले होते, जेवले. आता मला ठाण्यात जायचंय. तुम्ही बरोबर चला. एकटी गेले तर हे तुमचं नाव सांगतील आणि ठाण्यातले मला घरी परत पाठवतील."

माझ्या मनात पहिला विचार कुठला आला सांगू? वेणू तुटला की संध्याकाळी मी बोलणार कुणाशी? हाच आला. वहिनींचा हात समोर दिसत होता, आणि मला माझी संध्याकाळ दिसत होती. मेल्या, काय माणूस आहेस तू, असं मी स्वतःला म्हटलं. पण विचार काही गेला नाही. लहानपणी आम्ही एकाच पायरीवरून गंगेत उड्या मारल्या. हिमानीला नेलं तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात, तेव्हा हाच वेणू तोंडाला फडकं बांधून आला होता. आज पहाटेसुद्धा त्याने माझ्याकडून एक पैसा न घेता एवढा स्वयंपाक केला होता. आणि काल रात्री ह्याच हाताने हे.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "नसेल जमत तर तसं सांगा. मी रागावणार नाही."

"सोवळं बदलतो," मी म्हटलं. "वर्दी घालून येतो, थांबा."

आम्ही गल्लीतून निघालो, मी पुढे, त्या मागे. त्यांनी पदर पुन्हा पुढे ओढला नाही. सुमेधाकाकू जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी वहिनींचा गाल बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि वाट सोडून बाजूला झाल्या.

ठाण्यात महिला डेस्कवरच्या सिपाहीने वहिनींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तक्रार लिहून घ्यायला सुरुवात केली. दरोगाजींनी मला बाजूला घेतलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनाही माझंच बरं करायचं होतं.

"यज्ञेश्वर जी, वेणी महाराज तो आपके घर के आदमी हैं. बैठाकर समझा दीजिए. मोहल्ले में आपको ही रहना है."

"साहब, लिखवाइए," मी म्हटलं.

"सोच लीजिए."

"सोच लिया."

वहिनींना तपासणीसाठी हॉस्पिटलात पाठवलं आणि दोघे सिपाही दुर्गाघाटावर गेले. मला म्हणाले, तुम्ही येऊ नका. मी बाकावर बसून राहिलो. तासाभराने ते वेणूला घेऊन आले. चालू स्वयंपाकातून उठवून आणलं होतं, खांद्यावर पंचा, हाताला हळद, कपाळावर घाम. बिचारा घाबरून गेला होता. दारातून आत आला, इकडे तिकडे बघितलं, मी दिसलो, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. हसलाच तो.

"हुश्श! तू आहेस होय, यज्ञू? बरं झालं बाबा. सांग ह्यांना. ह्यांना काहीतरी गैरसमज झालाय."

ठाण्याचे कारकून मुंशीजी, त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. "नाम?"

वेणूने तिकडे बघितलंही नाही. तो माझ्याकडे बघत उभा राहिला, मी काहीतरी करीन म्हणून. मुंशीजींनी पुन्हा विचारलं. मग मीच सांगितलं. त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, राहणार रामघाट, काम स्वयंपाकाचं. एकही गोष्ट आठवायला थांबावं लागलं नाही. मुंशीजी खाली मान घालून लिहीत होते.

"आप पहचानते हैं इन्हें?" त्यांनी विचारलं.

"बचपन से," मी म्हटलं, आणि वेणूने माझ्याकडे बघायचं सोडलं.